न चाखलेलं पाणी

"सर, माही पेशी परतून नाही राह्यली," अनवरी म्हणाली, आणि भावसिंग राठोड खिडकीशी उभा होता तो तिथंच थांबला. वाक्य काही मोठं नव्हतं. दारव्ह्याच्या कापडवाल्या सेठची ही पोर रोज वर्गात याहून चढ्या आवाजात याहून वेडंवाकडं काहीतरी विचारायची आणि तो हसून उत्तर द्यायचा. आज मात्र त्या वाक्यानं त्याला छातीत कुठंतरी टोचलं, नवीन शिवलेल्या सदऱ्यात शिंप्याची टाचणी राहून जावी तसं. फेब्रुवारीतली दुपार होती, यवतमाळचं ऊन अजून कोवळं होतं, आणि प्रयोगशाळेतले बाराही सूक्ष्मदर्शक खिडक्यांच्या ओळीत उजेडाकडं आरसे करून बसले होते. प्रयोग दरवर्षीचाच. लाल कांद्याचा पापुद्रा काचेवर घ्यायचा, आधी साध्या पाण्यात बघायचा, मग मिठाचं पाणी सोडायचं, मग पुन्हा साधं पाणी. मिठाचं पाणी लागलं की पेशीच्या आतला जांभळा ऐवज भिंत सोडून आत आत सरकतो, गोळा होतो, आणि साधं पाणी मिळालं की पुन्हा पसरून भिंतीला येऊन टेकतो. बाकीच्या अकरा जणांचा आलेला होता. "किती वेळ ठेवलं मिठात?" त्यानं विचारलं. अनवरीनं ओढणीचं टोक दातात धरलं. "पाऊण घंटा झाला असन सर. मोहिउद्दीनचाचा त्यायच्या पहिल्या सायकलीची गोष्ट सांगून राह्यले होते." कोपऱ्यात काचा पुसत बसलेल्या म्हाताऱ्या मोहिउद्दीननं मान वर केली. "घ्या! पेशी इनं मारली, खून माह्यावर." वर्ग हसला. भावसिंगही हसला असावा, कारण कुणी त्याच्याकडं वेगळ्या नजरेनं पाहिलं नाही. मग तो वाकला, एक डोळा मिटून त्यानं नळीला दुसरा डोळा लावला.

जांभळे गोळे भिंतींपासून दूर, आपापल्या खोलीच्या मधोमध, पाय पोटाशी घेऊन निजल्यासारखे पडले होते. साधं पाणी चारी बाजूंनी त्यांच्याभोवती भरलं होतं. ते त्यांच्यापर्यंत पोचलंही असेल. घ्यायला कुणी उरलं नव्हतं. "मेली," तो म्हणाला. "वेळेवर पाणी दिलं असतं तर परत आली असती. उशीर झाला की आतलं पटल फाटतं, मग कितीही पाणी दे." अनवरीनं वहीत लिहून घेतलं. तिच्या पेन्सिलीचा आवाज त्याला ऐकू आला. कुणी काही सांगत असताना कागदावर फिरणारी पेन्सिल. आणि नेमके हे शब्द. उशीर झाला की.

वर्षातून एकदा या प्रयोगाच्या दिवशी तो मुलांना पेशीपटलाबद्दल मनापासून सांगे, कीर्तनकार पूर्वरंग लावतो तसा रंगवून. या कॉलेजातल्या कुठल्याही भिंगातून ते पटल दिसत नाही, तो म्हणे. दिसते ती बाहेरची भिंत, ताठ, लाकडाच्या जातीची. पटल तिला आतून चिकटून असतं आणि असं चिकटून असतं की आहे की नाही कळू नये. मिठाचं पाणी त्याला ओढून वेगळं करतं तेव्हाच आपल्याला कळतं की अरे, जगणारं हे होतं, भिंत नव्हे. आणि ते असतं कशाचं? तर स्निग्धाचं. तेलातुपाच्या जातीच्या कणांचे दोन थर, पाठीला पाठ लावून. दोघांचीही तोंडं पाण्याकडं, एकाचं बाहेरच्या, एकाचं आतल्या. परदेशात कुणी रक्तपेशींतली स्निग्धं काढून पाण्यावर पसरली तर ती पेशींच्या अंगाच्या दुप्पट जागेवर पसरली, त्यावरून हे कळलं. मग तो बशीभर पाण्यावर जवसाच्या तेलाचा थेंब सोडी, तवंग पसरला की त्यात सुई खुपसून काढी आणि विचारी, "भोक कुठं गेलं?" भोक मिटलेलं असायचं. पेशीलाही फार बारीक सुईनं टोचून पाहिलंय लोकांनी, तो सांगे, आणि पटल आपलं आपण मिटून येतं, कारण ते घट्ट नाही, पातळ आहे, हलतं आहे. हिवाळ्यात तूप थिजतं, जवस थिजत नाही. जगायचं तर पटल जवसासारखं राहिलं पाहिजे. हे सांगताना देवानं एवढ्याशा पापुद्र्यात केवढी माया भरून ठेवलीय असं त्याला वाटे, आणि त्याच संध्याकाळी राममंदिरात पुंडलिकरावबुवांच्या कीर्तनाला तो जरा लवकर जाऊन बसे. आज त्यानं तेलाची बशी काढली नव्हती. मोहिउद्दीननं सकाळी कपाटातून काढून ठेवलेली, तशीच झाकलेली होती.

रामी जाऊन दोन महिने आणि सहा दिवस झाले होते. हा हिशेब त्यानं कधी मांडला नव्हता, तो मनात आपोआप चालू असायचा, दुसऱ्या खोलीतल्या घड्याळासारखा. रामी म्हणजे त्याची एकुलती बहीण, त्याच्याहून दहा वर्षांनी लहान. दिग्रसपासून दोन कोसांवरचा त्यांचा तांडा, पंचवीस-तीस घरं, आणि त्या सगळ्या तांड्यात कॉलेजात गेलेला हा एकटा. सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात तो अमरावतीहून सुट्टीला आला तेव्हा बारा वर्षांची रामी दारात बसली होती आणि तिचा चेहरा त्याला ओळखू आला नाही. डोळे बारीक झालेले, पायावर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहायचा. महिन्याभरापूर्वी अंगावर फोड उठले होते, त्यानंतरचं हे. तोच तिला यवतमाळला घेऊन आला, डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले मूत्रपिंडाचं आहे, पोरगी निभावेल, पण मीठ बंद. आणि पुढंही जन्मभर मिठाला जपा. रामी सहा महिने अळणी भाकर आणि अळणी वरण खात होती. पहिल्या दिवशी ताट पाहून ती रडली, तेव्हा भावसिंगनं आपल्याही ताटातलं मीठ काढून टाकलं. सुट्टीभर दोघं शेजारी बसून अळणी जेवली. सुखीबाई, त्यांची याडी म्हणजे आई, चुलीपाशी डोळे पुसत म्हणायची, "काय येडी लेकरं जन्माले आली माह्या पोटी, मिठाच्या बैलामागं चालणाऱ्यायचे नातू अन् अळणी खाऊन राह्यले." कारण खरंच, आजाचा आजा बैलांच्या पाठीवर मीठ लादून समुद्राकडून या मुलखात आणायचा, आणि त्या चालण्यातून तांड्याला ज्या रीती मिळाल्या त्यांतली एक फुलचंदनं, त्याच्या बापानं, कधी सोडली नाही. मुक्कामाला पोचलं की आधी कुणीतरी वडीलधाऱ्यानं तिथलं पाणी चाखायचं. मगच गोणी उतरवायची. पाणी वाईट निघालं तर बैल कितीही दमलेले असोत, पुढं चालायचं. आता ते लादलेले बैल नव्हते, मीठ नव्हतं, दोन पिढ्यांपासून ते कापूस पेरत होते. पण फुलचंद परगावी गेला की ओसरीवर टेकण्याआधी पाणी मागायचा, जिभेवर घोळवायचा, मग म्हणायचा, "हां. आता बसतो."

मुलं एकेक करून सूक्ष्मदर्शकांच्या पेट्या बंद करू लागली. अनवरी जाताना म्हणाली, "सर, बरं नाही काय तुमाले?" "बरं आहे की." "मंग आज गोष्ट नाही सांगतली तेलाची. माह्या भावानं मागच्या साली ऐकली, तो अजून सांगते घरी." "पुढच्या गुरुवारी," तो म्हणाला. ती गेली. तिच्या भावाला आठवते, त्याच्या मनात आलं, आणि बहीण घरी बसून ऐकते. त्यानं खुर्ची ओढली. मोहिउद्दीन काचा धूत होता. नळाच्या पाण्याचा आवाज, काचेवर काच लागल्याचा आवाज. साबणाचा पांढरा फेस म्हाताऱ्याच्या कोपरापर्यंत आला होता.

फेस. इथं तो नेहमी अडकायचा. बाकी सगळं त्याला स्वतःला समजावता यायचं. एकसष्ट सालच्या थंडीत मूर्तिजापुराच्या पलीकडून, पूर्णा नदीकडच्या एका तांड्यातून रामीला मागणं आलं. घर खातंपितं, पोरगा मॅट्रिक. फुलचंदच्या दोन्ही डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरला होता, त्याला हात धरून चालवावं लागे. "तू जा," तो भावसिंगला म्हणाला. "शिकेल माणूस हायेस, पोरगा पारखशील तू. शेत पाह्य, जनावरं पाह्य, अन् पह्यले पाणी चाख. बाकी मंग." भावसिंग गेला. एस.टी.तून उतरल्यावर न्यायला छकडा आला होता. तांड्यात त्याच्यासाठी एक लाकडी खुर्ची कुठूनतरी मागून आणली होती आणि तिच्यावर चादर घातली होती. ओल्या पोत्यात गुंडाळून मूर्तिजापुराहून गोळीच्या सोड्याच्या बाटल्या आणल्या होत्या. 'सर' म्हणत होते सगळे, म्हातारेसुद्धा. एका बाईनं लोटाभर पाणी आणून पुढं ठेवलं. त्याच आठवड्यात त्यानं वर्गात शिकवलं होतं की विहिरीचं पाणी उकळल्याखेरीज पिऊ नये. त्यानं लोटा उचलला आणि अंगणाच्या कडेला जाऊन त्या पाण्यानं हात धुतले. कुणीतरी कौतुकानं साबणाची नवी वडी पुढं केली. ती त्यानं हातावर घोळवली, घोळवली, आणि फेस आला नाही. चिकट, दह्यासारखं काहीतरी बोटांना लागत राहिलं. रांजणाच्या बुडाशी बाहेरून पांढरी खपली धरलेली दिसली. एक क्षणभर, फक्त एक क्षण, त्याच्यातल्या शास्त्राच्या माणसाला पाणी कळलं. तोंडात न घालता कळलं. तेवढ्यात मुलाचा बाप म्हणाला, "सर, चहा थंडा होते." आणि तो खुर्चीकडं वळला. चहा दुधाचा होता, गूळ घालून गोड केलेला. पोरगा खरंच चांगला होता. बोलायला मऊ, नजर खाली. परतीच्या गाडीत भावसिंगला त्या घराचा अभिमान वाटत होता, आणि खुर्चीचाही.

घरी आल्यावर फुलचंदनं अंधुक डोळे त्याच्या आवाजाच्या दिशेनं उचलले. "पाणी चाखलं?" खोटं बोलायचं असं त्यानं ठरवलं नव्हतं. इतकी जुनी, इतकी बैलांच्या काळातली ती गोष्ट त्याला वाटली, म्हाताऱ्या माणसाचं मन राखायचं, एवढंच. "हो बा. चाखलं. गोड आहे." "हां," फुलचंद म्हणाला. "मंग द्या पोरगी." दोन शब्दांचं ते 'गोड आहे' इतकं सहज बाहेर पडलं की त्याच्या जिभेलाही त्याची चव लागली नाही.

लग्नाआधी तांड्यातल्या मुलीला ढावलो शिकवतात. आयाबाया शिकवतात, महिनाभर. नवरीनं एकेका नातलगाच्या गळ्यात पडून, सुरावर रडून, त्याच्याशी असलेलं आपलं सगळं नातं म्हणून दाखवायचं. कुणी कडेवर घेतलं, कुणी बोरं दिली, कुणी मारलं. आणि मला परक्या मुलखात देऊ नका असं विनवायचं. प्रत्येक नवरी विनवते. जिला नवरा आवडलेला असतो तीही विनवते, न विनवलं तर बाया नावं ठेवतात. त्या वर्षी कॉलेजातल्या मराठीच्या प्राध्यापकांनी भावसिंगला सांगितलं होतं, राठोड, तुमच्याकडची गाणी टिपून आणा, दुर्मीळ धन आहे. म्हणून वैशाखातल्या त्या सकाळी रामी त्याच्या गळ्यात पडली तेव्हा त्याच्या उजव्या हातात पेन्सिल होती. डावा हात त्यानं तिच्या डोक्यावर ठेवला, उजव्यानं तिच्या पाठीमागं वही धरली. रामीचा आवाज त्याच्या खांद्यात घुसत होता, तिचे अश्रू सदऱ्याच्या इस्त्रीतून आत झिरपत होते, आणि तो लिहीत होता. अळणी खाणाऱ्या माझ्या भिया, तू माझ्या ताटाशी बसून मीठ टाकलंस. मला खाऱ्या पाण्याला देऊ नको, भिया. खारो पाणी छ, भिया, खारो पाणी छ. ही ओळ ती दोनदा म्हणाली. दुसऱ्यांदा तिचा सूर सुटला. ती नुसती बोलली, कानाशी, हळू. सासरकडच्या तांड्यातली कुणी बाई तिला तिथल्या पाण्याचं काही बोलली असावी. त्याच्या मनात आलं, काय सुंदर ओळ आहे. आणि त्यानं ती लिहिली, तिच्यापुढं कंसात लिहिलं: रूढ संकेत, सासरचं पाणी खारट. प्राध्यापकांना ती फार आवडली. त्यांनी ती वर्गात वाचून दाखवली.

आणि त्यानंतर सहाच महिन्यांनी, कार्तिकात, पुंडलिकरावबुवांनी एका संध्याकाळी भक्ताच्या हाकेवर निरूपण लावलं होतं. झांजा थांबल्या, पेटीचा एकच सूर मागं राहिला, आणि बुवा दोन्ही हात पसरून म्हणाले, "बाबांनो, हाक सुरात आली म्हणून खोटी ठरत नाही. माणूस म्हणतो, हा तर गाणं गातोय. देव म्हणतो, हा मला बोलावतोय. देव ताल मोजत बसत नाही, अनवाणी धावतो." भावसिंगच्या डोळ्यांना धार लागली होती. शेजारच्या माणसानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. कीर्तन संपल्यावर त्यानं बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाला, "बुवा, आज धन्य झालो." त्या संध्याकाळी रामी पूर्णाकाठच्या विहिरीवर असेल, कळशी भरत. दोन्ही गोष्टी त्याच्या मनात होत्या. एकमेकींपासून बोटभर अंतरावर होत्या, आणि एकीचं दुसरीला कळलं नाही. त्याच्या आत हे आरपार जाऊ देणारं काही उरलंच नव्हतं काय? मूर्तीपुढं वितळत होतं, बहिणीपुढं थिजत होतं? की घरातल्या मायेला त्यानं शहरात येऊन हळूहळू भिंत बांधली, आणि भिंतीलाच आपलं अंग समजून बसला?

ती एकदाच माहेरी आली, त्रेसष्टच्या दिवाळीला. सकाळी चेहरा सुजलेला असे, दुपारी उतरे. येताच तिनं विहिरीवर जाऊन दोर सोडला आणि ओंजळीनं पाणी प्यायली, कितीतरी वेळ, गुरासारखी. "पुरे व बाई," याडी म्हणाली, "विहीर त ठेव." "पिऊन घेतो, याडी. जातांनी हंड्यात थोडीच नेता येते?" आणि मग भावसिंगकडं वळून, ओल्या तोंडानं हसत, तिनं विचारलं होतं, "भिया, तू पोरगा पाह्याले गेलतास तवा तिथलं पाणी नव्हतं प्यालास काय?" "चहा प्यालो होतो," तो म्हणाला. "म्हंजे मले चहाच्या कपाले देल्लं तुनं," ती म्हणाली, आणि खळखळून हसली, थट्टा करावी तशी. तिनं ते बाला सांगितलं नाही. तो म्हणाला, मूर्तिजापूरच्या डॉक्टरला दाखव, मीठ कमी खा. ती म्हणाली, "मीठ कुठं खातो? पेतो." तेव्हाही वेळ होता. तेव्हा तिला ठेवून घेता आलं असतं, तेव्हा बाला सांगता आलं असतं की मी चाखलं नव्हतं. सांगितलं असतं तर फुलचंद दुसऱ्या दिवशी बैल जुंपून व्याह्याकडं गेला असता आणि वचन परत मागून आला असता. तो तसा माणूस होता. पण भाऊबीज झाली, छकडा आला, रामी गेली. पुढच्या वर्षी मार्गशीर्षात, पोटुशी असताना सहाव्या महिन्यात ती सुजली, झोपेत बरळायला लागली, आणि संपली. तार दिग्रसला गेली. बा आणि याडी धावले. भावसिंगला दुसऱ्या दिवशी दिग्रसच्या गाडीच्या कंडक्टरकडून कळलं. तो सरळ तांड्यावर गेला आणि तिथं त्यांची वाट बघत बसला. पूर्णेकडं गेला नाही. उशीर झालाच आहे, त्यानं मनाशी म्हटलं. नंतर डॉक्टर म्हणाले, दुखणं जुनं होतं, गरोदरपणात उलटायचंच, कदाचित गोड पाण्यातही उलटलं असतं. कदाचित. तो शब्द त्यानं किती वेळा उचलून पाहिला, त्याच्या आधारानं उभं राहता येईना.

"राठोडसाब," मोहिउद्दीन टॉवेलला हात पुसत दारातून म्हणाला, "वालिदसाब आले तुमचे. कव्हाचे पायरीवर बसून हायेत. म्या म्हटलं अंदर या, त म्हणते, पोट्टे जाऊ द्या." भावसिंग उठला. फुलचंद दारातून आत येत होता, डोक्याला लाल फेटा, काठी, ऑपरेशननंतरचा जाड भिंगांचा चष्मा, त्यातून डोळे बैलाच्या डोळ्यांएवढे मोठे दिसत. रामीनंतरची ही त्याची यवतमाळची तिसरी फेरी. दर वेळी म्हणायचा, चष्म्याचं काम हाय. "बस बा. चहा सांगतो." "चहा नको. पाणी दे." मोहिउद्दीननं माठातलं पाणी आणून दिलं. फुलचंदनं ते जिभेवर घोळवलं. "हां," तो म्हणाला आणि स्टुलावर बसला. "चाचा, पाणी बरं हाय तुमच्या कॉलेजचं." "भाऊ, पाणीच बरं हाय, पगार नाही," मोहिउद्दीन म्हणाला, आणि दोघांकडं एकदा पाहून, उगाच किल्ल्या वाजवत बाहेर निघून गेला.

म्हाताऱ्यानं टेबलावरून हात फिरवला. "हे काय पायते तुमी याच्यातून?" भावसिंगला वाटलं, बरं झालं, बोलायला काहीतरी आहे. त्यानं नवा पापुद्रा काचेवर घेतला. "चष्मा काढ, बा. मी तुझ्या डोळ्याला जुळवतो." फुलचंदनं चष्मा काढला, फेटा मागं सारला, आणि भिंगावर डोळा टेकवला. भावसिंग स्क्रू फिरवत राहिला, पुष्कळ फिरवावा लागला. त्या डोळ्याला लागणारं अंतर इतर कुणाच्या डोळ्याला लागलं नसतं. "आता?" "धुकं हाय." "आता?" "हां. थांब. आलं. घरं हायेत रे. ओळीनं. तांडाच हाय जनू." "कांदा आहे, बा. प्रत्येक घर जिवंत आहे." "अन् हे जांभळं?" "तोच जीव." म्हातारा हसल्यासारखा झाला. "अन् दारं नाही एकाही घराले?" "आत एक पापुद्रा असतो, तेलासारखा पातळ. तोच दार. पाण्याला जाऊ देतो, येऊ देतो." आणि हे बोलत असताना भावसिंगच्या हातानं बाजूच्या भांड्यातून नळीत पाणी घेतलं आणि काचेच्या कडेला सोडलं. का, ते त्याला तेव्हाही कळलं नाही. प्रयोगाचा पुढचा टप्पा तोच होता, हाताला सवय होती. फुलचंद हळूच म्हणाला, "सरकून राह्यलं हे. भिंत सोडून आत जाऊन राह्यलं. काय घातलं तुनं?"

"मीठ," भावसिंग म्हणाला.

म्हाताऱ्यानं डोळा काढला नाही. पाठ वाकलेली, काठी मांडीला टेकलेली, तो बघत राहिला. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. "बा," भावसिंग म्हणाला, आणि आपलाच आवाज त्याला घरच्या बोलीत ऐकू आला, कितीतरी दिवसांनी, "म्या चाखलं नव्हतं. हात धुतले व्हते. फेस आला नाही. मले समजलं व्हतं."

फुलचंदनं सावकाश मान वर केली. चष्म्याशिवायचे त्याचे डोळे लहान, ओले आणि कशावरच न ठरणारे होते. "मले मालूम हाय," तो म्हणाला. "तिच्या मातीले गेलतो ना. नदीवरून आल्यावर पोरीच्या सासऱ्यानं लोटा देल्ला. प्यालो. मंग समजलं." "याडीले?" "तुह्या याडीनं बी पेलं. बोलली नाही. म्या बी नाही बोललो. दोघं बी एकाच गाडीत बसून आलो, नाही बोललो." "मंग मले विचारलं काहून नाही, बा?" "विचारून काय व्हते? विचारलं त तू सांगतलं असतं, 'हो' नाहीतर 'नाही'. म्या वाट पाह्यली. चष्मा काय दिग्रसले नाही भेटत? तीन खेपा झाल्या."

फुलचंदनं हात पुढं केला, टेबलावर चाचपडला. एका भांड्याला बोट लागलं, दुसऱ्याला लागलं. "हे काय? यातलंच घातलं तुनं?" "हो. मिठाचं आहे. मोहिउद्दीनचाचांनी सकाळी केलं, बाजारच्या खड्यांचं." म्हाताऱ्यानं बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं. घोळवलं, डोळे मिटून, मुक्कामाला आलेल्या माणसासारखं, घाई न करता. त्याचा चेहरा हलला नाही. "याहून जरा कमी होतं," तो म्हणाला. "पन असंच होतं."

मग त्यानं ते भांडं भावसिंगच्या दिशेनं सरकवलं. काचेवरून काच घासल्याचा बारीक आवाज आला. भावसिंगनं बोट बुडवलं. गार होतं पाणी, अगदी साध्या पाण्यासारखं दिसत होतं, त्यातून टेबलाचं लाकूड स्वच्छ दिसत होतं. त्यानं बोट तोंडात घातलं. आधी काहीच लागलं नाही. मग जिभेच्या कडेनं, मग टाळूला, मग घशात, ते पसरत गेलं. आणि सत्तावन्न सालची ती अळणी भाकर, ओट्यावर शेजारी बसलेली सुजऱ्या डोळ्यांची पोर, तिचा कानाशी आलेला सूर सुटलेला शब्द, ओल्या तोंडाचं हसू, सगळं एकदम भिंत सोडून आतल्या आत सरकू लागलं. त्यानं टेबलाची कड धरली. त्याच्या गळ्यातून आवाज निघाला, तो बोलण्याचा नव्हता, लांब होता, वर जाऊन मोडणारा. तांड्यात असा आवाज फक्त बाया काढतात.

फुलचंदनं चाचपडत त्याचं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवला. दोन्ही हात ठेवले. त्यातल्या एकातही काही नव्हतं.

"चाखलं ना?" तो म्हणाला. "आता उतरव गोणी, बेटा. उतरव."